पामीर महामार्ग सायकलने: सुरुवात ओशहून की दुशान्बेहून?

प्रश्न (घाटवाट)
जुलै-ऑगस्टमध्ये पामीर महामार्ग (एम-४१) सायकलने करायचा आहे. दोघे आहोत, दोघांचीही साठी उलटलेली. लडाख झालंय. किर्गिझस्तानातल्या ओशहून निघालो तर अंतर भरभर कापलं जाईल असं वाटतं. दिशा कोणती घ्यावी? सायकलमध्ये काय बदलावं? आणि शाकाहारी माणसाने काय खावं?

उत्तर (सह्यवारा)
दुशान्बेहून (ताजिकिस्तानची राजधानी) निघा. कारण विरळ हवेचं आहे.

ओश हजारेक मीटरवर. तिथून साधारण १८५ किमीवर सारी-ताश गाव, ३,१७० मीटर. पुढे शंभरेक किमीत किझिल-आर्त खिंड (४,२८० मी.) ओलांडली की काराकुल गाव, जवळजवळ ३,९०० मीटर. त्यानंतर अक-बैताल खिंड, ४,६५५ मीटर. शरीराला सवय व्हायला सवडच मिळत नाही. लडाखची सवय काही आठवड्यांत ओसरते, तिच्यावर विसंबू नका.

दुशान्बेच्या बाजूने खोरोगपर्यंत (२,१०० मी.) नदीकाठाने जाता, पुढे गुंट नदीच्या खोऱ्यात चढ हळूहळू येतो. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. खोरोगला दोन रात्री काढाच.

खरा धोका असा, की पठारावर खाली उतरायला जागाच नाही. पठारावरचं मुर्गाब गावसुद्धा ३,६०० मीटरवर आहे. हिमालयात त्रास झाला की बहुधा लवकर खाली येता येतं. इथे त्यासाठी जीपने दिवस जातो. म्हणून लक्षणं वेळीच ओळखा. डोकेदुखीसोबत उलट्या असतील तर तिथेच थांबा. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता गाडी ठरवून खाली निघा. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) साधारणपणे १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. या वयात तसंही बोलाच.

उत्तर (चाकदुरुस्ती)
रस्ता बऱ्याच ठिकाणी पन्हळी पत्र्यासारखा आहे. तिथे टायरपेक्षा आधी कॅरियरचे बोल्ट जातात. प्रत्येक बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, रोज संध्याकाळी हाताने तपासा, एम-५चे आठ-दहा बोल्ट आणि मूठभर झिप-टाय जवळ ठेवा. टायर किमान दोन इंची. मागच्या चाकाला ३६ स्पोक असावेत. तुटतात ते बहुधा कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे, आणि कॅसेट काढल्याशिवाय नवा बसत नाही. काढायचं हत्यार न्या, नाहीतर केव्हलारच्या (मजबूत धाग्याचा) तात्पुरता स्पोक. चेनला पातळ, कोरडं वंगण. ओशट तेलावर धूळ बसून ते पॉलिश पेपरचं काम करतं.

विमानासाठी पेटीत भरताना गिअरचा हँगर उघडा, डिस्कच्या पॅडमध्ये पुठ्ठा सरकवा. डावं पेडल उलट आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. उलटीकडे जोर केलात तर ते आणखी आवळतं.

उत्तर (परवानेवाला)
ताजिकिस्तानच्या ई-व्हिसासोबतच गोर्नो-बदाख्शानचा (पामीरच्या प्रांताचा) परवाना मागा. तो नसेल तर चौकीवरून परत पाठवतात. पासपोर्ट, व्हिसा, परवाना यांच्या दहा-बारा झेरॉक्स ठेवा. किझिल-आर्तच्या सीमेवरचे नियम बदलत राहिले आहेत, निघण्याआधी पुन्हा चौकशी करा. नव्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा घ्या. मुर्गाबच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका.

घाटवाट
दिशा बदलली. खाण्याचं तेवढं सांगा.

उत्तर (सह्यवारा)
काराकुलच्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ शिजता शिजत नाही, इंधन मात्र संपतं. जाडे पोहे भिजवून, मेतकूट, सातूचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की हे इथूनच न्या. नान, चहा आणि बिस्किटं वाटेतल्या वस्त्यांत मिळतात. मुर्गाबचा बाजार कंटेनरमध्ये भरतो, शिधा तिथे भरून घ्या. घरगुती मुक्कामात रश्शात मांस असतंच असं धरून चाला.

स्टोव्ह पेट्रोलवर चालणारा घ्या. गॅसचं सिलिंडर विमानात नेता येत नाही. तिथलं पेट्रोल काजळी धरतं, म्हणून जेट (इंधन बाहेर येण्याचं बारीक भोक) साफ करायची सुई हवीच, आणि पेट्रोल कापडातून गाळून भरा. परतताना बाटली साबणाने धुऊन उन्हात वाळवा, वास आला तरी विमानतळावर काढून घेतात.

पाण्याचं एक राहिलं. काराकुल सरोवर खारं आहे, अलिचुर गावाजवळची काही तळीही खारीच. फिल्टरने मीठ जात नाही. दोन वस्त्यांमध्ये माणशी पाच-सहा लिटर पाणी बाळगा.