मदत हवी आहे : आमची जुनी दुनळी बंदूक मूळची पिनफायर असावी का?

नमस्कार. सिंधुदुर्गातील आमच्या घरी आजोबांपासून शेती संरक्षणाच्या परवान्यावर चालत आलेली बारा बोअरची, बाहेरच्या घोड्यांची (हॅमरची) दुनळी बंदूक आहे. परवाना आता माझ्या नावावर आहे. बंदूक कित्येक वर्षे झाडलेली नाही आणि यापुढेही झाडायची नाही. मात्र यंदा पावसाळ्यानंतर तेलपाणी करताना काही खुणा दिसल्या, आणि ही बंदूक मुळात पिनफायर (काडतुसाच्या बाजूने बाहेर आलेल्या पिनेवर घोडा पडून उडणारी) असून पुढे सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणारी) करून घेतली असावी, अशी शंका आली.

पहिली खूण नळ्यांच्या मागच्या कडेवर आहे. तिथे अगदी माथ्यावर, दोन्ही नळ्यांत, तांदळाच्या दाण्याएवढा वेगळ्या रंगाचा ठिपका दिसतो आणि दमास्कस नळीची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या एकत्र ठोकून केलेल्या नळीची) तपकिरी लहरदार नक्षी त्याच्यापाशी येऊन थांबते. पिनफायर काडतुसाची पिन बाहेर राहावी म्हणून नेमकी याच जागी खाच असते, त्यामुळे ती खाच नंतर पोलादाने बुजवली असावी असे वाटते. पिनफायर काडतूस पिनेला धरूनच ओढून काढत असल्याने त्या बंदुकांना एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ढकलून बाहेर काढणारा भाग) लागत नसे. आमच्या बंदुकीत तो आहे, पण त्याची बैठक इतर कामाच्या मानाने फारच ओबडधोबड कापलेली आहे. चापाच्या कड्याखालून (ट्रिगर गार्डखालून) फिरणारा, नळ्या उघडण्याचा लिव्हर हेन्री जोन्सच्या 1859 च्या पेटंटासारखा आहे आणि तो पिनफायरच्या काळाशी जुळतो.

खरा गुंता शिक्क्यांचा आहे. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे (बंदुकांची ताकद तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे) मुकुटाखालचे फुलीदार राजदंड आणि नळीच्या आतल्या व्यासाचा 13 हा आकडा आहे, तर शेजारी शंकरपाळीच्या आकारात 12 आणि सी असा काडतुसाच्या घराच्या (चेंबरच्या) मापाचा शिक्का आहे. शंकरपाळीचा शिक्का 1887 च्या नियमांपासून मारू लागले, पण पिनफायरचे सेंटरफायर करून घेण्याची लाट त्याच्या बरीच आधीची आहे. 13 म्हणजे 0.710 इंच, मागून 9 इंचांवर मोजल्यावर मला 0.724 इंच भरले, म्हणजे 13 चा शिक्का बसल्यानंतर नळ्या आतून घासून मोठ्या केल्या असू शकतात. मग शंकरपाळीचा शिक्का रूपांतराच्या वेळचा मानायचा, की रूपांतर आधीच होऊन हा शिक्का केवळ नळ्या घासल्यानंतरच्या फेरतपासणीचा आहे?

घोड्यांविषयीही जाणकारांचे मत हवे आहे. डावा घोडा उजव्यापेक्षा किंचित जाड असून त्याच्यावरची पानांची नक्षी उथळ आहे, म्हणून तो एकटाच नंतर बदलला असे मी समजतो. परंतु रूपांतरात सहसा दोन्ही घोडे एकदमच बदलावे लागत, कारण पिनफायरचा घोडा सरळ खाली पिनेवर पडतो. दस्त्याच्या मनगटाला (हाताने धरायच्या बारीक भागाला) तडा गेल्यावर ठोकलेली पितळी पट्टी मात्र उघडउघड गावठी दुरुस्ती आहे.

एका कारागिराने नळ्या पॉलिश करून काळ्या करण्याचा आणि पट्टी काढण्याचा सल्ला दिला. मी नकार दिला, कारण पॉलिशमध्ये ते दोन ठिपके आणि शिक्क्यांच्या कडा दोन्ही पुसट होतील. वरील खुणांचा क्रम कसा लावावा आणि निश्चितीसाठी आणखी कोणत्या भागाचे जवळून फोटो द्यावेत, हे कृपया सांगावे.