मदत हवी आहे: केळीभाव पाठवणारा नंबर अचानक बॅन, कारण दिलेलं नाही

केळीबाग_रावेर:
नवीन सिम टाकून चॅट अ‍ॅपवर बऱ्हाणपूर आणि रावेरचे केळीभाव पाठवायला घेतले. रावेर, यावल, चोपड्याचे चारेकशे शेतकरी, नंबर गटाच्या यादीतले. दुपारी खातं बंद. जाहिरात नाही, लिंक नाही, नुसते भाव. अ‍ॅप काढून परत टाकू का? कटाई चालू आहे, व्यापाऱ्यांचे चॅट अडकलेत.

तापीकाठ:
अ‍ॅप काढू नका भाऊ. अ‍ॅपसोबत फोनमधला बॅकअपही जाऊ शकतो. आधी फाईल मॅनेजरमधून अ‍ॅपचं 'डेटाबेसेस' फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा. ते उघडायला मात्र हाच नंबर परत चालू व्हावा लागेल. स्क्रीनशॉट घ्या. घड्याळ उलटं चालताना दिसलं तर बंदी तात्पुरती, गप्प बसून राहा. नसेल तर 'रिव्ह्यू'चं बटण.

अ‍ॅपचं बंदी घालणारं मशीन तुमचा भाव वाचत नाही, मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात. त्याला दिसतं एवढंच: कालचा नंबर, एका तासात शेकडो अनोळखी माणसं, त्यातल्या काहींनी 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबलं. रिपोर्ट केला की शेवटचे काही मेसेज कंपनीकडे जातात. म्हणून अपिलात 'मी काही चुकीचं केलं नाही' लिहून उपयोग नाही. चार ओळी पुरे: नंबर +९१ लावून, काय पाठवत होतो, यादी कुठली, लोकांची संमती कशी घेतली. संमती नसेल तर तसं लिहा आणि पुढे फक्त मागणाऱ्यालाच पाठवणार म्हणा. अपील एकदाच करा. ओटीपी पुन्हापुन्हा मागवलात तर थांबायची वेळ वाढत जाते.

केळीबाग_रावेर:
आणि उत्तरच नाही आलं तर?

चोपडा_नेटवाला:
अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. २०२१च्या आयटी नियमांनुसार २४ तासांत पोच द्यावी लागते, ती जपून ठेवा. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. निकाल हातात पडल्यापासून ३० दिवसांत. पोच, स्क्रीनशॉट, निकालाचा ईमेल लागेल.

'दोन हजारात अनबॅन करून देतो' म्हणणाऱ्यांना ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

तापीकाठ:
तोवर भाव साध्या एसएमएसने कळवा. सिम बंद नाही, फक्त खातं बंद आहे. नंबर परत मिळाला की चॅनल काढा आणि लिंक गटात टाका. ज्याला भाव हवा तो स्वतः येईल, तक्रार कोण करणार? ब्रॉडकास्ट लिस्ट नको, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ती पोचतच नाही. बल्क सेंडर (एकदम शेकडो मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअरं) आणि मूळ अ‍ॅपची नक्कल असलेली रंगीत 'जीबी'वाली अ‍ॅपं, यांना तर हातही लावू नका. परत बॅन झालात तर अपिलात दम राहत नाही.