फडणीस : फड की फर्द? (आणि ण कुठला?)

तळटीप
एका इंग्रजी इतिहासाच्या अनुवादात अडलंय. मूळ लेखक नाना फडणवीसांचं आडनाव 'फर्नवीस' असं लिहितो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज सर्रास तसंच लिहीत. टीप दिली होती : 'फडाचा लेखनिक तो फडनवीस.' अनुवाद तपासणाऱ्यांनी ती खोडून लिहिलं, 'फर्द + नवीस. फर्द म्हणजे सुटा कागद, याद. इंग्रजीतला र हाच पुरावा.' दोन ओळींत काय ठेवावं?

रुमालसोड्या
र हा पुरावा नव्हेच. इंग्रजांच्या लेखणीत ड चा र नेहमी होतो. वऱ्हाडचं बेरार झालं, जुन्या गॅझेटियरांत बीड 'भीर' म्हणून छापलंय. शिवाय फारसीत ड नाही, म्हणजे फारसी कागदावरून नाव उचललं तरी र च हाती येणार.
उलट फड हा खरोखरीचा विभाग होता. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात (मुख्य कचेरीत) चालते (रोजच्या कामाचं) आणि एकबेरीज (एकत्रित हिशेबाचं) असे दोन मोठे भाग, आणि चालत्या दफ्तरात फड, बेहेडा (अंदाजपत्रक), सरंजाम (लष्करी जहागिरी) अशा शाखा. सनदा, हुकूम फडातून निघायचे. त्याचा नवीस तो फडनवीस. तमाशाचा, कुस्तीचा, उसाचा फड आठवा. माणसं जमून काम चालतं ती जागा.

कोशकीटक
असहमत. नवीस हा फारसी 'नविश्तन' म्हणजे लिहिणे यातला. मागचं पद म्हणजे लिहायची वस्तू. चिठ्ठी लिहितो तो चिटणीस, वाकिया (घडलेलं वृत्त) लिहितो तो वाकनीस, जमा लिहितो तो जमेनीस. फर्द लिहितात. फड कसा लिहिणार?

रुमालसोड्या
आणि कोटणीस काय कोट लिहीत होते? कारखानीस घ्या. कारखाना + नवीस, दोन न शेजारी आले आणि एक गळला. पोतनीस पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा. जागा किंवा खातं + नवीस हा साचा चांगला रुळलेला आहे.

वेलांटी
तुमच्या भांडणात एक गंमत निसटतेय. ण कुठे येतो बघा : चिटणीस, कोटणीस, फडणीस. मागे ट किंवा ड. आणि न कुठे : पोतनीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस. झालंच तर आपले 'तपासनीस'. मूर्धन्याच्या (जीभ टाळूकडे वळवून उच्चारायच्या ट, ड सारख्या वर्णाच्या) शेजारी न चा ण झाला, एवढंच. ड शेजारी आल्यावर हे झालं. तो ड मुळात फडातला की फर्दमधल्या 'र्द'चा, हे ण सांगत नाही. म्हणून 'ण आहे म्हणजे शब्द देशी' हा युक्तिवाद कुणी आणू नये, प्लीज.

कोशकीटक
मग सुरनीस आणि सुरणीस दोन्ही का दिसतं?

वेलांटी
र च्या शेजारी मराठी डळमळते. शिवाय मोडीत न-ण हा लिहिणाऱ्याच्या हातावर. तपासायचं तर त्याच कारकुनाच्या त्याच कागदात 'आणि', 'पाणी', 'कारण' शोधा. तिथे ण नीट वळवलाय आणि 'फडनीस' मात्र न ने लिहिलंय, तरच त्या न ला वजन. छापील संग्रहावर विसंबू नका. संपादक बरेचदा लेखन सारखं करून टाकतात. 'फर्दनवीस' हे अख्खं रूप रफारासकट जुन्या अस्सल कागदात दाखवा, मी लगेच पक्ष बदलते.

स्वभाषा
मुळात हा परका नवीस टीपेत मिरवायचा कशाला? शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश (फारसी राज्यकारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा) करवून घेतला तो याचसाठी. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. 'लेखाधिकारी' लिहा आणि मोकळे व्हा.

रुमालसोड्या
पदं बदलली, आडनावं कुठे बदलली? मुजुमदार आहेत, डबीर आहेत. आणि ज्यांच्या पदरी हे फडणीस होते त्या 'पेशव्यां'चं काय करायचं? तोही फारसीच. लेखाधिकारी म्हटलं की आजचा ऑडिटवाला डोळ्यांपुढे येतो, फडातून सनद काढणारा माणूस येत नाही.

वऱ्हाडी ठेचा
नागपूरकडे चिटणवीस, फडणवीस असं अख्खं 'णवीस' टिकून आहे, पुणे-साताऱ्याकडे आखडून 'णीस'. त्यामुळे टीपेत दोन्ही रूपं द्या.
आणि नानांचं मूळ आडनाव भानू, हेही घाला. बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००). हुद्द्याने घराण्याचं नाव गिळलं, हीच तर खरी माहिती.

शिवेवरचा
म्हणून मला 'कर'वाली आडनावं बरी वाटतात. गाव सापडलं की काम झालं.

वेलांटी
इतकं सोपं नाही हो. पेडणे-पेडणेकर, ठाणे-ठाणेकर : शेवटचा ए टिकतो. सातारा-सातारकर : आ पडतो. ई चा भरवसा नाही. निपाणीचा निपाणीकर, पण मंगेशीचा मंगेशकर आणि बोरीचा बोरकर. म्हणून उलट जाताना 'बोरकर'समोर बोर, बोरी, बोरगाव सगळी गावं मांडायची. एका नावाची दहा गावं निघतात. मग कुलदैवत कुठलं आणि जुन्या कागदात तर्फ, परगणा कुठला, यावरून गाळायची. नुसत्या नकाशावर बोट ठेवलं की हमखास चुकतं. आणि 'गावकर' या यादीत धरू नका. गोव्यातला तो गावकार, गावच्या जमिनीच्या संस्थेतला हक्कदार.

स्वभाषा
'कर' तरी शुद्ध संस्कृत. करतो तो कर.

कोशकीटक
सातारकर सातारा करतो का? 😄

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडच्या 'वार'चं बोला. मुनगंटीवार, वडेट्टीवार. लोक आठवड्याचा वार समजतात. तो तेलुगू 'वारु', आदरार्थी अनेकवचन. अमुक घराण्याची मंडळी असा अर्थ. चंद्रपूर-आदिलाबाद पट्ट्यात घरोघरी.

तळटीप
मंडळी, दोन ओळी हव्या होत्या. सध्या असं ठेवतो : 'फडणवीस, फडणीस : पेशव्यांच्या दफ्तरातील फड या विभागाचा प्रमुख लेखनाधिकारी; नानांचे मूळ आडनाव भानू.' फर्द गाळतोय.

कोशकीटक
गाळू नका. 'काहींच्या मते' घाला.

रुमालसोड्या
'काहींच्या' म्हणजे तुमच्या आणि त्या तपासनिसांच्या?

शिवेवरचा
ते 'वारु' नीट कळलं नाही. मग पत्तेवार, कोत्तावार हेही त्यातच का? की तिथे मागचं पद मराठी आहे?