मदत हवी आहे: इंग्रजी 'सँड'ला मराठीत काय लिहायचं?

लाकडी कपाटासोबत येणाऱ्या इंग्रजी माहितीपत्रकाचं भाषांतर करायचं आहे. त्यात 'सँड द सरफेस', 'सँड लाइटली बिटवीन कोट्स' असं सारखं येतं. शब्दकोशात 'वाळू' आणि 'वाळू टाकणे' एवढंच सापडलं. 'सँड फिनिश' आणि 'सँडलवूड पॉलिश'ही आहेत. सुतारांच्या तोंडी काय असतं?

रंधा: पहिल्या दोन्ही जागी ते क्रियापद आहे, 'घासणे' लिहा. कारागीर 'पॉलिश पेपर मारणे' म्हणतात. 'वाळूकागद' नको, हल्ली पेपरावर बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड नाहीतर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात, वाळू नसते.

पेपरचा नंबर मात्र गाळू नका. नंबर मोठा तितका कण बारीक. कोऱ्या लाकडाला 80, मग 120, मग 180. 80 वरून थेट 220 वर गेलं की आधीचे ओरखडे आत राहतात आणि स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावल्यावर उठून दिसतात. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. 'बिटवीन कोट्स'चं वाक्य मी असं करेन: 'पहिला हात पूर्ण सुकल्यावर 320 नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवा, धूळ पुसा, मग दुसरा हात द्या.' मुळात 'सुकल्यावर' नसलं तरी घाला. ओल्या थराच्या गोळ्या होतात आणि पेपर भरून जातो. कपाट विनियरचं, म्हणजे प्लायवर लाकडाचा पातळ थर चिकटवलेलं, असेल तर 'जोर देऊ नका' हेही हवंच. तो थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो, कडेला पटकन घासून खालचं प्लाय दिसतं.

शब्दशोधक: 'सँड फिनिश'ला संदर्भ बघा. रंगछटांच्या यादीत असेल तर 'वाळूचा रंग', हाताला खरखरीत लागणारा पृष्ठभाग असेल तर 'रवाळ'. आणि 'सँड' शोधून सरसकट बदलू नका, 'सँडलवूड' बिघडेल. त्याचा वाळूशी संबंध नाही, त्याचं मूळ आपलं 'चंदन'. 'वाळू पसरणे' हा अर्थही खोटा नाही, पण तो बर्फाळ रस्त्यांचा: गाड्या घसरू नयेत म्हणून तिथे वाळू टाकतात, त्यालाही 'सँड' हेच क्रियापद.

धागाकर्ती: खूप आभार. शेवटी 'वेट सँड' आहे, ते?

रंधा: 'पाणी लावून घासा'. त्याला वॉटर पेपर लागतो, साधा पेपर भिजून फाटतो. हे फक्त वरच्या सुकलेल्या थरावर करायचं, तसं स्पष्ट लिहा. कोऱ्या लाकडाला पाणी लागलं की तंतू उभे राहतात आणि पुन्हा सगळं घासावं लागतं.