१५ वर्षांची स्विफ्ट: पासिंग करून ठेवावी की आत्ताच विकावी?

पेठेतला_प्रवासी (धागाकर्ता)
आमची पेट्रोल स्विफ्ट २०११ची, एलएक्सआय, म्हणजे सगळ्यात खालचं मॉडेल. यंदा आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) १५ वर्षं भरतात. घरात दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, इंजिन ठणठणीत आहे, पासिंग (आरटीओत तपासणी आणि फेरनोंदणी) करून अजून पाच वर्षं वापरू. मेकॅनिकने मात्र क्लचप्लेट, पुढचे शॉकअप, लोअर आर्म आणि चारही टायर सांगितलेत. सगळं मिळून पन्नास हजारांच्या घरात जातं. माझं ठाम मत: मुदत संपायच्या आत विकावी. एकदा आरसी संपली की गिऱ्हाईक तेच कारण पुढे करून भाव पाडतं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

नाशिकचा_नाना
अजिबात पटत नाही. गाडीची किंमत लाख-दीड लाख आणि खर्च पन्नास हजार, म्हणून विकायची, हा हिशोबच चुकीचा आहे. खर्च ताडून बघायचा तो नव्या गाडीच्या हप्त्याशी. सात लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर महिना साडेचौदा हजार जातात. म्हणजे तुमची सगळी दुरुस्ती साडेतीन हप्त्यांत बसली. वर नव्या गाडीचा विमा आणि रोड टॅक्स वेगळाच. फेरनोंदणीची फी ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर. मुदतीच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर केलात तर मात्र महिन्याला ५०० रुपये दंड आहे. बाबांचं ऐका.

घाटवाट
नाना, या हिशोबात गाडीत बसणारी माणसं कुठे आहेत? त्या साली एलएक्सआयला एअरबॅग नव्हत्या, एबीएसही (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून. पावसाळ्यात घाटाच्या उतारावर करकचून ब्रेक मारला की चाकं जाम होतात, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. मी हे स्वतः अनुभवलंय. लोअर आर्म बदलता येतो, एअरबॅग नंतर बसवून घेता येत नाही. माझ्या मते विकायला एवढं एक कारण पुरेसं आहे, पैशाचं नंतर बोलू.

नाशिकचा_नाना
मुद्दा खरा आहे, पण सरसकट लावू नका. मंडई, दवाखाना, लग्नकार्य, एवढ्यापुरती तीस-चाळीसच्या वेगाने फिरणारी गाडी आणि घाट चढणारी गाडी यांत फरक आहे. लांब जायचं तेव्हा भाड्याची गाडी करावी, तरीही हप्त्यापेक्षा स्वस्तच पडते.

रत्नांग्रीचं_ग्यारेज
दोघंही इंजिन नि पैशावर भांडताय, पत्र्याकडे कोणी बघितलं का? इंजिनचं काम होतं, क्लच होतो. सडलेल्या पत्र्याला इलाज नाही. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात हे रोज बघतो. गाडी लिफ्टवर चढवा. दाराखालचा सिल (चौकटीची खालची पट्टी) आणि पुढचा क्रॉस मेंबर (इंजिनखालचा आडवा पत्रा) स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर समजा गाडी संपली. मॅट उचलून फ्लोअर बघा, स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, पाणी तिथेच साचतं. वेल्डिंग मारून वर काळा रंग फासून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पत्रा शाबूत असेल तर मी नानांच्या बाजूचा. फक्त २०११ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही. इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला बघून घ्यायचे. पेट्रोलचा वास आला तर तशीच दामटायची नाही.

हिशोबी_ताई
थांबून भाव वाढेल या आशेवर कोणी राहू नये. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. म्हणून मी विकण्याच्या बाजूची. पण दादा, नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरसीवरचं नाव बदललं की नाही, ते स्वतः तपासा. नाव तुमचंच राहिलं आणि पुढच्याने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलंय. एनसीबीचं (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्रही विमा कंपनीकडून घ्या. ती सवलत तुमची आहे, गाडीबरोबर जात नाही, पुढच्या गाडीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत मिळते.

पेठेतला_प्रवासी
एक सांगायचं राहिलं: आई साताऱ्याला असते, त्यामुळे ही गाडी सारखी खंबाटकीचा घाट ओलांडते, बऱ्याचदा रात्री, मागे मुलं. नाना, भाड्याची गाडी दर वेळी जमत नाही. पत्रा या रविवारी बघतो, पण तो चांगला निघाला तरी माझं मत विकण्याचंच आहे.

नाशिकचा_नाना
मग विका. तरी शोरूमकडे धावू नका. २०२०-२१ची, एकहाती, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली पेट्रोल गाडी शोधा, हप्ता निम्म्यावर येईल. घेण्याआधी सर्व्हिसिंगच्या नोंदी काढून किलोमीटर जुळतात का बघा, मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात खूप आहेत. आणि लिफ्टवर तीही चढवा.