पायाच्या नखाची बुरशी परत परत का येते? मदत हवी आहे

सहकारनगरकर
अंगठ्याचं नख पिवळं पडून जाड झालंय, कडेने पांढरा भुगा सुटतो. केमिस्टने दिलेलं मलम लावलं, जरा बरं वाटलं, पावसाळा आला आणि पुन्हा तेच. आता शेजारच्या बोटालाही लागलंय. कृपया आणखी मलमं सुचवू नका, घरात ढीग पडलाय. हे मुळात होतं कशामुळे, एवढंच जाणकारांनी सांगा. घाईत आहे.

मीनल_पुणे३०
वय किती? शुगर आहे का? दिवसभर बूट असतात का? मलम नेमकं कोणतं? यातलं काहीच न लिहिता कारण कोण कसं सांगणार?

रानमेवा
निंबोळी तेल. रात्री पाय धुवून, कोरडे करून दोन थेंब नखाखाली सोडायचे. आमच्या गावी सगळे हेच करतात. माझ्या आईचं नख याच तेलाने साफ झालं. गोळ्यांच्या नादी लागू नका, लिव्हरची वाट लागते.

गडवाट
बुरशीच आहे हे कशावरून? मी सिंहगड, राजगड सतत करतो. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळून नख काळं पडलं, मग जाड होऊन सुटं झालं. सगळे बुरशी बुरशी म्हणत होते. तपासलं तर निव्वळ मार होता. बूट एक नंबर मोठा घ्या आणि उतरण्याआधी लेस घट्ट बांधा.

सहकारनगरकर
ट्रेक वगैरे काही नाही. नख माझं नाही, बाबांचं आहे. वय ६८. भोसरीला कंपनीत होते, आयुष्यभर सेफ्टी शूज. आता रोज सकाळी तळजाईला फिरायला जातात, कॅनव्हासचे बूट घालून. शुगर आहेच, पण गोळ्या चालू आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मीनल_पुणे३०
अहो, तोच तर प्रश्न आहे! शुगर वाढलेली असेल तर पायाचा रक्तपुरवठा आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कमी पडतात. शेवटची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) किती आली होती? आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात का?

सहकारनगरकर
एचबीए१सी ८.४. चिखल्या दर पावसाळ्यात होतात. त्याचा नखाशी काय संबंध?

स्लाईडवाला
संबंध थेट आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, नखाचे नमुने रोज हाताखालून जातात. बहुतेक वेळा जबाबदार असते ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी. चिखल्यांमध्येही बऱ्याचदा हीच सापडते. ओल्या, सोललेल्या बेचक्यातून ती नखाच्या कडेखाली शिरते. नख ज्या केराटिनचं बनलंय तेच तिचं खाणं. म्हणजे बाबांच्या बाबतीत कारणं एकावर एक साठलीत: वय, शुगर, वर्षानुवर्षं बंद बुटातला घाम, दवाने भिजणारे कॅनव्हास, आणि दर पावसाळ्यात उरणाऱ्या चिखल्या. नुसतं नखाला मलम लावून हे जाणार नाही. साधं मलम जाड नखाच्या आत पोचतच नाही, त्यासाठी नखावर लावायचं वेगळं लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं औषध असतं.
तरीही आधी तपासणी. जाड, पिवळ्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकी सोरायसिस (त्वचेचा आजार), मार, घट्ट बूट.

रानमेवा
तपासणी, मग गोळ्या, मग लिव्हरच्या टेस्ट. साध्या नखासाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला फिरवता? तेलाने बरं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मीनल_पुणे३०
रानमेवा, आईंना बरं वाटलं याचा आनंद आहे, पण शुगरवाल्याच्या पायाला 'साधं नख' म्हणू नका. पाय बधिर असेल तर जाड नखाखाली झालेली जखम कळतही नाही. माझ्या सासऱ्यांच्या जखमेची सुरुवात अशीच झाली होती, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. बाबांना घरी ब्लेडने नख कोरू देऊ नका.

अनघा_क
विषय निघालाच आहे तर, मुलीच्या हाताच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियम कमी असेल का?

गडवाट
बहुतेकदा नखाच्या मुळाशी बसलेले बारीकसारीक मार असतात, नख वाढलं की पुढे सरकून जातात. वेगळा धागा काढा ना.

सहकारनगरकर
तपासणीत नक्की काय करतात? दुखतं का? आणि बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या ऐकल्यात, त्याच आणू का सरळ?

स्लाईडवाला
दुखत नाही. नख स्पिरिटने पुसतात, सुटलेला भाग कापतात आणि नखाखालचा भुगा खरवडतात. टोकाचा नाही, जितक्या आतला मिळेल तितका, कारण जिवंत बुरशी तिथे असते. भुगा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की केराटिन विरघळतं आणि मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागतात.
गोळ्या मनाने आणू नका. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन साधारणपणे २५० मिग्रॅ रोज, १२ आठवडे देतात, पण आधी लिव्हर आणि किडनी बघून. दुसरी गोळी इट्राकोनाझोल, ती हृदय कमजोर असेल तर चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे बुरशी मेली तरी स्वच्छ नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं. पुष्कळ जण मध्येच सोडतात आणि मग 'परत आली' म्हणतात.

रानमेवा
ठीक आहे, तपासून घ्या. पण पाय कोरडे ठेवायला तरी सांगा, तेवढं सगळ्यांनाच पटेल.

स्लाईडवाला
शंभर टक्के. बेचक्या टॉवेलने टिपायच्या, सुती मोजे रोज बदलायचे, बुटांचे दोन जोड आलटून पालटून, एक उन्हात. बाबांचं नेलकटर वेगळं ठेवा. घरात आणखी कुणाला चिखल्या असतील तर त्यांचाही इलाज सोबतच.

सहकारनगरकर
नेलकटर सगळ्यांचं एकच आहे, आजच वेगळं आणतो. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली. तोवर मलम चालू ठेवू का?

स्लाईडवाला
नको. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टिरॉइड, त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरते. बुरशीचं मलमही नमुन्याआधी काही आठवडे बंद लागतं, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. शेवटचं कधी लावलं ते डॉक्टरांना सांगा, नमुना शनिवारीच घ्यायचा की थांबून, ते ठरवतील. ट्यूब सोबत न्या.