जुन्या ४५० वॅट एसएमपीएसवर आरटीएक्स ३०६० : केबल ६ पिनची, सॉकेट ८ पिनचं. मदत हवी आहे

प्रश्न : पिवळीवायर

आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी) जुन्या मशीनमध्ये बसवायचं आहे. काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगचं, म्हणजे सीनची अंतिम चित्रं तयार करण्याचं. मशीन असं : आय५-४५७०, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) २०१४चा, ४५० वॅट. लेबलवर १२ व्होल्टच्या दोन लाइन : १२व्ही१ १७ अँपिअर आणि १२व्ही२ १७ अँपिअर, म्हणजे ३४ गुणिले १२, ४०८ वॅट. कार्ड १७० वॅटचं आहे, तेव्हा वीज पुरायला हरकत नसावी.

अडचण केबलची आहे. एसएमपीएसमधून कार्डाला वीज देणारी ६ पिनची एकच पीसीआयई केबल येते. दुकानात दोन साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगांचा ८ पिन करणारा अ‍ॅडॉप्टर मिळाला, तो वापरू? की ६ पिनचा ८ पिन करणारा घेऊ? शिवाय सीपीयूच्या ४+४ पिनच्या प्लगपैकी बोर्डाला चारच लागतात, उरलेला ४ पिनचा तुकडा मोकळा लोंबतोय. त्याचा काही उपयोग होईल का?

तांब्याचीतार

तो लोंबणारा तुकडा कार्डाजवळ अजिबात नेऊ नका. दोन्ही कनेक्टर काळे, पिनांचा आकार बराचसा सारखा, पण वायरी उलट्या. पीसीआयई प्लगवर खिट्टीच्या बाजूला काळ्या वायरी असतात, सीपीयूच्या प्लगवर खिट्टीच्या बाजूला पिवळ्या. जोर लावून बसवलात तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतील. नशीब चांगलं असेल तर एसएमपीएस चालूच होणार नाही, नाहीतर कार्ड गेलं. ओळखायची सोपी खूण : मधून दोन सारखे भाग होतात तो सीपीयूचा. सहा आणि दोन असे भाग होतात तो कार्डाचा.

साटा अ‍ॅडॉप्टरही परत करा. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे एका प्लगला ४.५ अँपिअर किंवा ५४ वॅट. दोन प्लग मिळून १०८ वॅट होतात खरे, पण ते केबलच्या एकाच लडीवरचे असतील तर मागे सगळा भार एकाच पिवळ्या वायरीवर येतो, वर त्याच लडीवर हार्ड डिस्क. ८ पिनचा प्लग मात्र कार्डाला सांगतो की १५० वॅटपर्यंत घे. रेंडर तासन् तास चालतो. आधी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग मऊ होतं, मग करपल्याचा वास येतो.

वॅटमीटर

४०८चा हिशेब चुकला आहे. १२व्ही१ आणि १२व्ही२ची बेरीज करायची नसते. त्याच लेबलवर दोन्हींची मिळून कमाल मर्यादा छापलेली असते, ती सांगा. आणि ६ पिनच्या प्लगमध्ये पिवळ्या वायरी किती आहेत तेही मोजा.

पिवळीवायर

दोन्ही मिळून ३१२ वॅट लिहिलंय. पिवळ्या वायरी दोनच आहेत, एका पिनेची जागा रिकामी आहे!

वॅटमीटर

रिकामी जागा हा दोष नव्हे, ६ पिनच्या प्लगमध्ये ती पिन ऐच्छिकच होती. ३१२ हा आकडा मात्र बोलका आहे. १२ व्होल्टवर प्रोसेसर ८४, कार्ड १७०, पंखे आणि हार्ड डिस्कची मोटर पंचवीसेक, म्हणजे २८० वॅट. नवा असतानाच्या क्षमतेचा ९० टक्के भार दहाहून अधिक वर्षं वापरलेल्या एसएमपीएसवर. त्याचे कपॅसिटर आता तेवढे ताजे राहिलेले नाहीत.

त्यात १२व्ही२ बहुधा सीपीयूला दिलेला असतो आणि बाकी सगळं १२व्ही१वर. आतून खरोखरच वेगळी मर्यादा असेल तर १२व्ही१चे १७ अँपिअर म्हणजे २०४ वॅट, आणि त्यावर कार्डासह १९५चा भार. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी १७०च्या बरंच वर उसळी घेतं. मग निळा स्क्रीन वगैरे काही न येता मशीन खाडकन बंद पडतं.

मल्टिमीटर लावून पाहायचा असेल तर मोलेक्स या जुन्या ४ पिनच्या प्लगच्या पिवळ्या आणि काळ्यामध्ये, लोड चालू असताना : ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतं. पण नुसता आकडा बरोबर आला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं नाही. १२ व्होल्टवरची रिपल (व्होल्टेजचा बारीक, जलद चढउतार) १२० मिलिव्होल्टच्या आत लागते, आणि ती साध्या मल्टिमीटरवर कळत नाही.

ओव्हरलॉक

६ ते ८ अ‍ॅडॉप्टर लावून आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के ठेवली तर? ११९ वॅट होतात. ८ पिनच्या सॉकेटमध्येही १२ व्होल्टच्या वायरी तीनच असतात, वाढीव दोन पिना ग्राउंड आणि सेन्सच्या (८ पिनचा प्लग लागलाय हे कार्डाला कळवणारी). वायरी एवढ्याने जळत नाहीत.

तांब्याचीतार

वायरींबद्दल तुमचं बरोबर आहे, १८ गेजची वायर एवढ्याने वितळणार नाही. पण अ‍ॅडॉप्टर सेन्स पिन ग्राउंड करून कार्डाला '१५० वॅट घे' असं खोटंच सांगतो. ६ पिनचं प्रमाण ७५ वॅट. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ मिळतात म्हणायला, पण बरीच कार्डं तेवढे तिथून ओढत नाहीत, उरलेलं केबलवर येतं. आणि लिमिट लागू होते ती विंडोज व आफ्टरबर्नर सुरू झाल्यावर. पुढे कधीतरी विंडोज नव्याने टाकली की लिमिट गेली, अ‍ॅडॉप्टर तिथेच. १२ जीबीचं कार्ड घेऊन असं वापरणं मला पटत नाही.

वॅटमीटर

सहमत. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवतं. ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला ५५० वॅटचा घ्या, पण बॉक्सपेक्षा लेबल वाचा : एकट्या १२ व्होल्टवर ५०० वॅटच्या आसपास हवेत, म्हणजे ४१-४२ अँपिअर, आणि ६+२ पिनची केबल. मागे ११५/२३० असा लाल स्विच असलेला एसएमपीएस दिसला तर तो जुन्या धाटणीचा, घेऊ नका.

बदलताना प्लग काढा, मग पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा. जुना एसएमपीएस उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. नवा मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर त्याच्याच केबल वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते. प्लग बसतो, पण डिस्क जळते. ६ आणि २चे तुकडे आधी एकमेकांत अडकवून मगच सॉकेटमध्ये घाला, खिट्टीचा 'टक' आवाज यायला हवा. नंतर मागून बोटाने ढकलून पाहा, दोनचा तुकडा अर्धवट राहतो तो इथेच.

कार्ड लावण्याआधी बोर्डाचं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. आणि कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून ड्राइव्हच्या जाळीपर्यंत मोजा. दोन पंख्यांची कार्डं २४ सेंटिमीटरच्या आसपास असतात.

पिवळीवायर

नवा ५५० घेतो. एच८१मध्ये पीसीआयई २.० (जुना, कमी वेगाचा स्लॉट) आहे, त्याचा त्रास होईल का? मॉनिटर व्हीजीएचा आहे. आणि यूपीएस ६०० व्हीएचा.

वॅटमीटर

ब्लेंडरमध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की स्लॉटचा वेग फारसा आड येत नाही. ८ जीबी रॅम मात्र आधी कमी पडेल. बोर्ड १६ घेतो, तेवढी भरा.

३०६०वर व्हीजीए नाही. एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, आणि ती केबल कार्डात लावा, बोर्डात नको. चित्र दिसत नाही म्हणून कार्ड परत करायला निघालेल्या बऱ्याच जणांची केबल बोर्डातच असते.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. रेंडर चालू असताना मशीन भिंतीतून साडेतीनशेच्या आसपास ओढेल, वर मॉनिटर. लाइट गेल्याक्षणी तो ओव्हरलोडची शिटी मारून बंद पडेल, आणि रेंडर जाईल. १००० व्हीएच्या पुढचा बघा. तोवर व्हिडिओऐवजी पीएनजी फ्रेम्समध्ये रेंडर लावा, म्हणजे लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम्स शाबूत राहतील.